तळटीप

रात्री दोनला डब्लिनमध्ये चहा संपला,
बिस्किटांच्या डब्यात चुरा उरला,
आणि अग्रक्रम क्रमांक चारवर आमचं घोडं अडलं.
मी इतिवृत्त लिहिणारी.
मला मत नाही, पेन आहे.

पहिला अग्रक्रम एकमताने : प्रतीक्षायाद्या घटवणे.
दुसरा : बालकं. बालकांना कोण नाही म्हणणार?
तिसरा इतका लांब, की वाचता वाचता
फिआक्रा टुही श्वास घ्यायला थांबले
आणि त्या थांबण्यात तो मंजूर झाला.
चौथा : वृद्धांना त्यांच्या घरीच सेवा.
टेबलाभोवती प्रत्येकाची कुठे ना कुठे आई होती.
माना हलल्या.

तेव्हा संघटनेच्या बाजूने, शेवटून दुसऱ्या खुर्चीतून,
डर्व्हला मॅकनिफने चष्मा काढून विचारलं :
एका म्हाताऱ्याच्या दारापासून
दुसऱ्याच्या दारापर्यंतचा रस्ता,
तो काम आहे की नाही?

कोणीतरी हसलं.
अर्थखात्याचा माणूस हसला नाही.
त्याने कॅल्क्युलेटर जवळ ओढला,
रस्त्याला सगळ्या देशाने गुणलं,
आणि कागद पालथा ठेवला.

'सेवा म्हणजे दार उघडल्यापासून दार लागेपर्यंत,'
टुही म्हणाले, 'मधलं जे असतं ते…'
त्यांना शब्द सापडेना.
'पाऊस,' डर्व्हला म्हणाली.

मी वहीत लिहिलं : चर्चा झाली.

पहाटे पाचला रस्ता तळटीपेत गेला.
बारीक अक्षरात : प्रवासकाळाचा यथावकाश विचार केला जाईल.
यथावकाश.
काय ऐसपैस शब्द आहे!
त्यात अख्खं मेयो परगणं मावतं,
दलदल, मेंढ्या, वाऱ्याने वाकलेल्या खांबांसकट.
मग सह्या झाल्या. फोटोत मी नाही,
माझी कोपऱ्यातली बाही आहे.

करार खाली उतरत गेला.
गॉलवेत त्याचं लक्ष्य झालं,
कासलबारमध्ये तक्ता,
आणि बेलमलेटच्या पलीकडे, आईच्या भावाच्या घरी,
तो पोचला तेव्हा तीस मिनिटं उरला होता.

नोव्हेंबरात मी तिथे होते.
अट्रॅक्टा गिल्डी आली, नऊ वाजून दहा.
चौकटीवरच्या चकतीला तिने फोन टेकवला,
टिंग : सेवा सुरू.
फेस्टसमामाची पाठ पुसली, दाढी केली,
लापशी ढवळली, गोळ्या मोजल्या,
कुत्र्याबद्दलची तीच तक्रार नव्याने ऐकली.
डावा मोजा घातला.
उजवा घालता घालता फोन थरथरला.
टिंग : सेवा संपली.
मोजा तिने तरीही घातला.
(हे माझ्या कुठल्याच वहीत नाही.)

हातमोजे विसरली म्हणून मी मागे धावले.
गाडी अजून फाटकातच.
काचेवर वाफ, मांडीवर अर्धं सँडविच,
स्टिअरिंगवर एक जुनं पाकीट, त्याच्या पाठीवर सहा नावं.
ती पेन्सिलीने क्रम बदलत होती.
'विनिफ्रेड आज आधी,' ती म्हणाली, मला नव्हे, पाकिटाला,
'काल फोनवर आवाज ओला होता तिचा.
कोलमन थांबेल. कोलमनला राग आलेला बरा,
राग आला की उठून बसतो.'
चौथं नाव खोडून वर,
पहिलं खाली, एक बाण, एक प्रश्नचिन्ह.
एकोणीस किलोमीटर, ती म्हणाली,
तेवढ्यात ठरतं सगळं. घरात शिरल्यावर वेळ कुठे असतो?

मग विचारलं, 'तू डब्लिनला काय करतेस गं?'
'लिहिते.'
'काय?'
'ठरतं ते.'
'अरे वा,' म्हणाली, अगदी मनापासून,
आणि सँडविचचा उरलेला तुकडा दातात धरून
तिने गिअर टाकला.

हातमोजे माझ्याच हातात राहिले.
आतून मामा ओरडत होता,
उजवा मोजा उलटा घातलाय म्हणून.
मी आत गेले, वाकले,
आणि घड्याळाकडे पाहिलंच.